सहाव्या रेणूपाशी जागा बदलणारा इलेक्ट्रॉन

कार्बन डायऑक्साइडच्या एका सुट्या रेणूला जादा इलेक्ट्रॉन पेलवत नाही. रेणू सरळ रेषेत असतो, मध्ये कार्बन आणि दोन बाजूंना ऑक्सिजन, आणि त्या आकारात नव्या इलेक्ट्रॉनला बसायला सोयीची जागाच नसते. बसवलाच तर रेणू वाकतो, कोन १३५ अंशांच्या आसपास येतो, आणि हा वाकलेला ऋण आयन शंभरएक मायक्रोसेकंदांच्या आत इलेक्ट्रॉन सोडून देऊन पुन्हा सरळ होतो. ऊर्जेच्या हिशेबात तो मूळ रेणूपेक्षा सुमारे ०.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणुरेणूंच्या जगातले ऊर्जेचे एकक) वर असतो. मात्र हेच रेणू दोन, चार, सहा असे एकमेकांना चिकटले की तोच इलेक्ट्रॉन ते धरून ठेवतात आणि आयन लांबचा प्रवास करूनही शाबूत राहतो.

हे मी पुण्यात एम.एस्सी. करताना वाचले तेव्हा खूप आवडले होते. त्या वर्षांत आमच्यापैकी काही जणांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या कामाची ओळख झाली होती. तिथे ई. कृष्णकुमार यांच्या गटाने मंदगती इलेक्ट्रॉन रेणूला चिकटल्यावर रेणू कसा तुटतो, यावर वर्षानुवर्षे काम केले आहे. माझ्या डोक्यात मात्र उलटा प्रश्न घर करून बसला. इलेक्ट्रॉन चिकटूनही रेणू तुटला नाही, शेजाऱ्यांनी त्याला सांभाळून घेतले, तर तो इलेक्ट्रॉन नेमका कुणाकडे असतो? एका रेणूकडे, दोघांमध्ये वाटून, की सगळ्यांत थोडा थोडा? पीएच.डी.साठी अमेरिकेत गेले ती हाच प्रश्न घेऊन.

प्रश्न नवा नव्हता. अमेरिकेतल्या ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत क्लॉट्स आणि कॉम्प्टन यांनी १९७७ च्या सुमारास कार्बन डायऑक्साइडच्या क्लस्टरांना, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या रेणूंच्या गोळ्यांना, इलेक्ट्रॉन चिकटतो हे दाखवले होते. पुढे येल विद्यापीठात मार्क जॉन्सन यांच्या गटाने १९८८ मध्ये, आणि मग त्सुकुदा, जॉन्सन व नागाता यांनी १९९७ मध्ये, लेझरने इलेक्ट्रॉन उपटून ही क्लस्टरे आतून कशी बांधलेली आहेत याचा छडा लावला. आमच्या गटाला जायचे होते ते इन्फ्रारेड प्रयोगांकडे, पण त्याआधी आमच्या यंत्राने हे जुने निकाल स्वच्छ देणे गरजेचे होते. ते काम माझ्याकडे आले. मला ते मनापासून हवे होते. एखादी गोष्ट पुस्तकात वाचणे आणि स्वतःच्या हाताने ती घडवून आणणे यांत किती अंतर आहे, हे त्या काळाने मला शिकवले.

क्लस्टर तयार करण्याचा भाग ऐकायला अगदी सोपा. दाबाखालचा वायू बारीक छिद्रातून निर्वातात सोडायचा. बाहेर पडताना तो इतक्या वेगाने पसरतो आणि इतका थंड होतो की रेणू एकमेकांना चिकटू लागतात. आम्ही आर्गॉनमध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळून काही वातावरणांच्या दाबाने सोडत होतो. छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि ते उघडबंद करणारा व्हॉल्व्ह एका खेपेस दोनशेएक मायक्रोसेकंद उघडणारा. याच फवाऱ्यावर इलेक्ट्रॉन गनमधून एक हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा झोत मारायचा.

इथे नवख्या माणसाला एक गोष्ट खटकते, मलाही खटकली. एवढ्या जोरात आलेला इलेक्ट्रॉन कुठल्याही क्लस्टरला चिकटणार कसा? तो चिकटतच नाही. तो आर्गॉनच्या अणूतून दुसरा इलेक्ट्रॉन उडवतो. हा दुय्यम इलेक्ट्रॉन मुळात संथ असतो, आणि फवाऱ्यातल्या दाट वायूत टकरा खातखात आणखी संथ होतो. अगदी मंद झाल्यावर एखादे क्लस्टर त्याला पकडते. पकडताना सुटलेली ऊर्जा कुठे तरी जायलाच हवी, म्हणून काही रेणू उडून जातात. एक रेणू सुटायला साधारण ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, त्यामुळे वीस-पंचवीस रेणूंच्या गोळ्याने इलेक्ट्रॉन घेतला की मागे त्याहून लहान ऋण क्लस्टर उरते. म्हणजे जो सहाचा क्लस्टर आपण मोजतो तो सहा रेणू आधी जमले आणि मग इलेक्ट्रॉन आला असा बनलेलाच नसतो. तो एका मोठ्या गोळ्याचा उरलेला, थंडावलेला भाग असतो. ही गोष्ट लक्षात आल्यावर संरचनेकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली, कारण अशा क्लस्टरला आपले रेणू नीट रचून घ्यायला संधी मिळालेली असते.

यंत्राच्या पुढच्या भागात हे आयन विजेच्या एका धक्क्याने उड्डाणनळीत ढकलले जातात. सगळ्यांना ऊर्जा सारखीच मिळते, म्हणून हलके आधी पोचतात, जड नंतर. आमच्याकडे हा धक्का अडीच हजार व्होल्टचा होता. सहाच्या क्लस्टरचे वस्तुमान २६४ अणुवस्तुमान एकके, एका रेणूची ४४. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४३ किलोमीटर भरतो, आणि दीड मीटरची नळी तो ३५ मायक्रोसेकंदांत पार करतो. लेझरचा ठोका याच क्लस्टरवर पडायला हवा असेल तर वेळ किती काटेकोर लागते ते यावरून कळेल. एका मायक्रोसेकंदात तो ४३ मिलिमीटर पुढे गेलेला असतो आणि लेझरचा झोत जेमतेम काही मिलिमीटर रुंद असतो.

ऑसिलोस्कोपवर पहिल्यांदा कार्बन डायऑक्साइडची मालिका उमटली तो क्षण मला अजूनही आठवतो. ८८, १३२, १७६, २२०, २६४, असे ४४ च्या अंतराने उभे राहिलेले शिखर, कंगव्याच्या दातांसारखे. ४४ वर जवळजवळ काहीच नव्हते. सुट्या रेणूबद्दल पुस्तकात वाचलेले त्या एका रिकाम्या जागेत दिसत होते. मी त्या रिकाम्या जागेकडेच जास्त वेळ बघत राहिले.

पण मुख्य दातांच्या मध्ये दुसरेही काही होते. दरेक शिखरापुढे १६ एककांवर एक आणि १८ एककांवर एक, अशी बारकी शिखरे. १६ ची मालिका कुठून येते हे टाटा संस्थेत ऐकलेल्या कामामुळे मला लगेच कळले. ४.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचा इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइडला चिकटला तर रेणू फुटून ऑक्सिजनचा ऋण आयन सुटतो, आणि तो पुढे दुसऱ्या रेणूला जोडून कार्बोनेट बनवतो. म्हणजे आमच्या फवाऱ्यात काही इलेक्ट्रॉन अजून पुरेसे मंद होत नव्हते. इलेक्ट्रॉन झोत नोझलच्या तोंडाशी, वायू जास्त दाट असतो तिथे आणला आणि दाब वाढवला, तेव्हा ही मालिका बरीच खाली बसली.

१८ ची मालिका पाण्याची. वायूच्या नळीत कुठे तरी ओल होती. पाण्याचा एक रेणूसुद्धा इथे फार फरक पाडतो. तो हायड्रोजन बंधाने वाकलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या ऑक्सिजनांना धरतो आणि इलेक्ट्रॉन एकाच रेणूवर बसण्याला बळ देतो. आमचा प्रश्नच इलेक्ट्रॉन कुणाकडे हा असताना असा पाहुणा चालणारा नव्हता. नळी बदलली, जोड एकेक तपासले, नळी गरम करून रात्रभर पंपावर ठेवली. व्हॉल्व्हमधला टेफ्लॉनचा बारीक खुंट झिजून वायू झिरपायचा तोही बदलला. हा सगळा काळ बाहेरच्या माणसाला रटाळ वाटेल. मला वाटला नाही. नळीतला एकेक सांधा घट्ट करताना आपण नेमके कुठल्या रेणूला बाहेर ठेवतो आहोत हे माहीत असले की कामाला अर्थ येतो.

आमच्या मार्गदर्शक बाईंनी मग एक अट घातली. नुसत्या वस्तुमानावर विश्वास ठेवायचा नाही. कार्बन डायऑक्साइडचे नऊ रेणू आणि पाण्याचे बावीस रेणू यांचे वस्तुमान सारखेच येते, ३९६. पुढे पाण्याचे ऋण क्लस्टर करायचे आमच्या मनात होते आणि दोन्ही वायू एकाच यंत्रातून जाणार होते. म्हणून कार्बन-१३ वापरून बनवलेल्या महागड्या कार्बन डायऑक्साइडची छोटी बाटली आणली. तो वायू सोडला आणि दातांमधले अंतर ४४ वरून ४५ झाले, सहाचा क्लस्टर २६४ वरून बरोबर २७० वर सरकला. त्या दिवशी शंका मिटली.

याच सुमारास आईने फोनवर विचारले, "पण तुला ते दिसतं का गं? आकार कसा आहे ते?" मी तिला सांगितले की नाही, आकार दिसत नाही. इलेक्ट्रॉन उपटायला किती जोर लागतो तेवढे मोजता येते आणि त्यावरून आकार ओळखायचा. ती म्हणाली, "मग तो जोर नीट मोज." फोन ठेवल्यावर मला जाणवले की माझ्या सगळ्या कामाचा गाभा तिने चार शब्दांत सांगितला होता.

हा जोर मोजण्यामागची कल्पना मला रसायनशास्त्रातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. लेझरचा फोटॉन क्लस्टरमधून इलेक्ट्रॉन इतक्या झटक्यात काढतो की अणूंना हलायला वेळच मिळत नाही. वाकलेला रेणू त्या क्षणी वाकलेलाच राहतो, फक्त आता त्याच्याकडे इलेक्ट्रॉन नसतो, आणि इलेक्ट्रॉनाविना वाकलेला कार्बन डायऑक्साइड ही फार अवघडलेली, ऊर्जेने वर बसलेली स्थिती असते. म्हणूनच सुट्या रेणूच्या ऋण आयनाला इलेक्ट्रॉन मुळात नकोसा असूनही तो उपटायला सुमारे १.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. मोजलेल्या आकड्यात क्लस्टरचा त्या क्षणीचा आकार असा गोठलेला असतो. फोटॉनची ऊर्जा माहीत असते, सुटलेल्या इलेक्ट्रॉनचा वेग मोजायचा, वजाबाकी करायची.

वेग मोजायला आमच्याकडे प्रतिमा घेणारे यंत्र होते. एकाच वेगाचे इलेक्ट्रॉन पडद्यावर एका कड्यावर पडतात, वेग जास्त तितके कडे मोठे. आधी आयोडाइडवर, म्हणजे आयोडीनच्या ऋण आयनावर, मापे बसवली. २६६ नॅनोमीटरचा लेझर म्हणजे ४.६६ इलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन. आयोडाइडचा इलेक्ट्रॉन ३.०६ ला सुटतो, आणि अणू उत्तेजित अवस्थेत मागे राहिला तर आणखी ०.९४ लागतात. त्यामुळे १.६० आणि ०.६६ अशी दोन कडी हवीत. ती आली, धारदार आली.

२६६ नॅनोमीटरचा एक मोठा त्रास आहे. या फोटॉनात स्टीलच्या भिंतीतूनही इलेक्ट्रॉन काढण्याइतकी ताकद असते. चिमूटभर क्लस्टरांमधून सुटलेले मोजके इलेक्ट्रॉन आणि भिंतीवर सांडलेल्या प्रकाशाने उडालेले हजारो, अशी अवस्था. ३५५ नॅनोमीटरला, म्हणजे ३.४९ इलेक्ट्रॉनव्होल्टला, हा गोंधळ होत नाही आणि पडदा छान काळा राहतो, पण क्लस्टर मोठे होत जाते तसा इलेक्ट्रॉन उपटायला लागणाऱ्या ऊर्जांचा पट्टा सरकत सरकत त्या मर्यादेला जाऊन थडकतो आणि त्याचा महत्त्वाचा भाग कापला जातो. त्यामुळे २६६ ला पर्याय नव्हता. लेझरच्या वाटेत आत-बाहेर जाताना अडसर बसवले, पृष्ठभागांवर ग्रॅफाइटचा लेप दिला, आणि आयन असताना व नसताना अशा प्रतिमा आलटून पालटून घेऊन एकीतून दुसरी वजा केली. रात्री इमारतीत कंप आणि तापमानाचे चढउतार कमी, म्हणून लांब मोजणी रात्री लावायची.

मग एकेक क्लस्टर. दोनचा, तीनचा, चारचा, पाचचा. प्रत्येकाचा एकच रुंद पट्टा, आणि प्रत्येक नव्या रेणूबरोबर तो एक-दोन दशांश इलेक्ट्रॉनव्होल्टने घट्ट धरण्याच्या बाजूला सरकत होता. हे अपेक्षित होते. इथे इलेक्ट्रॉन दोन रेणूंमध्ये वाटलेला असतो. दोघांचे कार्बन एकमेकांना अर्धवट बंधाने जोडले जातात, दोघेही थोडे वाकतात, आणि त्यांची प्रतले एकमेकांना काटकोनात असतात. बाकीचे रेणू या जोडीभोवती सरळच राहून बसतात. जोडी गाभ्यात, उरलेले भोवती.

सहापाशी चित्र बदलले. जिथे पट्टा यायला हवा होता तिथे तो होताच, पण कमी ऊर्जेच्या बाजूला, एक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास अंतर ठेवून, दुसरा पट्टा उभा होता. सातच्या क्लस्टरमध्ये पहिला पट्टा जवळपास नाहीसा झाला आणि खालचा तेवढा उरला. एक रेणू वाढवला आणि इलेक्ट्रॉन उपटायला सोपा झाला. हे वाचून माहीत होते, आकृती शंभरदा पाहिलेली होती, तरी स्वतःच्या पडद्यावर दोन कडी एकाच क्लस्टरमधून येताना पाहून मी खुर्चीतून उठले. शेजारच्या लेझरवर काम करणाऱ्या सहकाऱ्याला ओढत आणले आणि दाखवले. तो माझ्याइतकाच खूश झाला.

अर्थ असा. सातपासून पुढे इलेक्ट्रॉन जोडीकडे नसून एकाच वाकलेल्या रेणूकडे आहे. जोडीचा ऋण आयन स्वतःपुरता जास्त स्थिर असतो, कारण भार दोघांत वाटला जातो. पण भार एकवटलेला असला की भोवतालच्या रेणूंना तो जास्त जोराने ओढतो. भोवती रेणू कमी असताना जोडी जिंकते. रेणू पुरेसे जमले की भोवतालच्यांची ओढ वरचढ ठरते आणि एकटा रेणू इलेक्ट्रॉन ठेवून घेतो. सहापाशी दोन्ही पारडी जवळपास समान, म्हणून त्याच वस्तुमानाच्या आयनांत दोन्ही प्रकार एकत्र सापडतात. वस्तुमान मोजणारे यंत्र त्यांच्यात कधीच फरक करू शकले नसते.

मग सात रेणूंच्या क्लस्टरमधला इलेक्ट्रॉन जास्त सैल आहे आणि तरीही ते क्लस्टर जास्त स्थिर, हे कसे, असे मला सेमिनारमध्ये विचारले गेले. प्रश्न अगदी रास्त आहे. उपटायला लागणारी ऊर्जा ही इलेक्ट्रॉन काढल्यानंतर मागे उरणाऱ्या अवघडलेल्या रचनेवरही अवलंबून असते, आणि क्लस्टरची एकूण स्थिरता हा वेगळा हिशेब आहे. जोडीतला कार्बन-कार्बन बंध इलेक्ट्रॉन काढताच निरर्थक होतो आणि दोन वाकलेले रेणू एकमेकांना अंगावर घेऊन उभे राहतात, म्हणून तिथली किंमत मोठी. या दोन आकड्यांची गल्लत सहज होते, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

गणिताच्या बाजूने आम्हाला मदत करणाऱ्या सहकारिणीचे कामही इथे सांगायला हवे. रोजच्या वापरातल्या घनता-फलन पद्धती (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून रेणूची ऊर्जा काढणाऱ्या) अशा एका सुट्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत हमखास भार जास्त पसरवून टाकतात. त्या पद्धतींनी काढले की जोडीच सगळीकडे जिंकते आणि सहापाशी होणारा बदल गायब होतो. तिने त्याहून कितीतरी खर्चिक पद्धती वापरल्या, आणि तेव्हा दोन्ही प्रकारांतला फरक इतका लहान निघाला की एखाद्या रेणूची जागा जरा बदलली तरी निकाल उलटावा. प्रयोगातले दोन पट्टे नसते तर त्या गणितावर विश्वास ठेवायला आधार नव्हता, आणि गणित नसते तर त्या पट्ट्यांना आकार देता आला नसता.

सात ते तेरापर्यंत एकट्या रेणूचा गाभा टिकला. चौदापाशी १९९७ च्या निकालानुसार जोडी पुन्हा परत येते. आमच्याकडे चौदा आणि पुढच्या क्लस्टरांचा सिग्नल क्षीण होता, पट्टे रुंद, पण ऊर्जा पुन्हा वर उडी मारते एवढे नक्की दिसले. इलेक्ट्रॉन उपटून मिळणारी माहिती इथे अपुरी पडते. भोवतालचे तेरा-चौदा रेणू कसे रचलेले आहेत, कुणाची तोंडे कुठे आहेत, यातले रुंद पट्टा काही सांगत नाही. त्यासाठी इन्फ्रारेड हवा. वाकलेल्या रेणूचे कंपन आणि जोडीचे कंपन वेगवेगळ्या तरंगसंख्येला (एका सेंटिमीटरमागे प्रकाशाच्या लाटा किती) येतात, क्लस्टरला आर्गॉनचा एक अणू चिकटवून तो सुटतो का पाहिले की शोषण झाले की नाही ते कळते. अमेरिकेतल्या बोल्डरमध्ये माथियास वेबर यांच्या गटाने मध्ये धातूचा अणू असलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या ऋण क्लस्टरांवर याच मार्गाने पुष्कळ काम केले आहे, आणि ते वाचताना कार्बन डायऑक्साइडपासून इंधन बनवण्याच्या धडपडीतली पहिली पायरी, म्हणजे रेणूचे ते वाकणे, किती ठिकाणी किती तऱ्हांनी घडते ते कळत जाते.

आमच्या यंत्रावर इन्फ्रारेडची जोडणी आता पूर्ण झाली आहे. आर्गॉनचा एक अणू चिकटलेला सहाचा क्लस्टर ३०४ वर स्वच्छ दिसतो आहे, पाण्याची मालिका जवळपास शून्यावर आहे. पहिली मोजणी त्याच्यापासूनच सुरू करणार आहोत, कारण दोन्ही गाभे एकाच वेळी तिथेच हाताशी येतात.